एक तारखेच्या शेंगा

"चहा टाकू न्हवं? आत्या निघाल्यात का?" सकाळी सकाळी फोनवर बावड्याच्या हसीनाभाभीचा आवाज आला. एक तारीख होती. घरात पाव्हण्यांची गर्दी, दारात चपलांचा ढीग, आणि दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसलेले. आदल्या दिवशी पहाटे इंदूआत्या झोपेतच गेली होती. आम्ही मलकापूरच्या चुलत्यांपासून पुण्याच्या भाच्यांपर्यंत सगळ्यांना कळवलं, आणि कसबा बावड्याला, जिथं ती दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता जायची, तिथं फोन करायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "भाभी, आत्या गेली ओ..." एवढंच मी म्हणाले. पलीकडून गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. मग भाभी म्हणाली, "मी खुर्ची भायेर काढून ठेवलती की..."

त्याला आता महिना उलटून गेला. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की ती मला त्या खुर्चीवरच दिसते. घरातली, भाकरी थापणारी आत्या दिसत नाही, बावड्यातली दिसते. मागं शेवग्याचं झाड, मांडीवर रिकामी पिशवी, आणि डोळे अर्धे मिटलेले. तिला हाक मारावी असं स्वप्नातसुद्धा वाटत नाही. निवांत बसलीया, बसू दे की.

इंदूआत्या दादांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, पदरी मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमचीच. घरात बसून खाणं तिच्या स्वभावात नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खानावळी होत्या, त्यांना ती ज्वारीच्या भाकऱ्या करून द्यायची. सकाळचा सगळा वेळ थापण्यात जायचा. शाळेला जाताना मला तिच्या हाताचा तो थप थप आवाज दारापर्यंत सोडायला यायचा. भाकरीचे पैसे ती घरखर्चाला द्यायची, तेही स्वतःच्या हट्टानं, फुकट खातीया असं कुणी म्हणू नये म्हणून. मग स्वतःला काही लागलं की पुन्हा दादांकडं मागायची वेळ. दादा काही वाईट माणूस नव्हे हो. पण त्यांची एक सवय. कुणी पैसे मागितले की हात खिशाकडं जायच्या आधी तोंडातून "कशाला?" बाहेर पडणार. आईला तेच, मला तेच, आत्याला तेच. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आत्याच्या मात्र ते मस्तकात जायचं. एकदा मला म्हणाली, "मंगे, मला असं पैसं पायजेत, ज्येला 'कशाला' न्हाय." मी हसले. ती हसली नाही.

तिच्या डोक्यात भाड्यानं द्यायचं घर शिरलं ते तिथूनच. भाकरी हात चालतात तोवर. भाडं आपण झोपलो तरी येतं, असं तिचं गणित. लोक फ्लॅट घेतात, प्लॉट घेतात. आत्याच्या आवाक्यात बसणारं घर शोधायचं म्हणजे हसण्यावारी न्यायचीच गोष्ट होती, आणि आम्ही नेलीही. पण भाकरीवाल्या बायकांचं जाळं मोठं असतं. त्यातल्याच एकीनं सांगितलं की बावड्यात, नदीच्या अंगाला, दोन खोल्या निघाल्यात. मालक यंत्रमागावर काम करणारा, इचलकरंजीत स्थायिक झालेला. त्याला ते घर डोक्यावरनं उतरवायचं होतं. आत्या मला घेऊन बघायला गेली. थंडीचे दिवस होते. कारखान्याचा हंगाम सुरू, सगळ्या हवेत तो उसाच्या मळीचा गोडसर जड वास, आणि नदीकडून वर सरकत येणारं धुकं. पत्र्याचं छप्पर, उखणलेली जमीन, आणि भिंतीवर माझ्या कमरेच्या वर एक तपकिरी रेघ. "ही कसली रेघ?" मी विचारलं. मालक इमानी माणूस. म्हणाला, "पुराचं पाणी तिथंवर आलतं ताई. म्हणून तर स्वस्तात देतोय." मी आत्याकडं बघितलं. तिनं रेघेकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नव्हतं. ती अंगणातल्या शेवग्याखाली उभी होती, तोंड वर करून, आणि धुक्यात त्या शेंगा अशा लोंबत होत्या की जणू कुणी वरनं दोऱ्या सोडल्यात. "मंगे," ती म्हणाली, "हे घर मला वळखतंय बघ."

विसार म्हणून तिनं आपल्या पाटल्या मोडून पैसे दिले. ते कळलं तेव्हा दादांचा पारा चढला, पण देऊन झाले होते. उरलेली रक्कम उन्हाळा लागायच्या आत द्यायची, नाहीतर विसार बुडाला, असं कागदावर ठरलेलं. मग आमच्या चकरा सुरू झाल्या. बँकेत गेलो. तिथला साहेब सभ्य होता, चहा पाजला, आणि सांगितलं की गुंठेवारीतलं घर, जागेचे कागद धड नाहीत, त्यात बाईंचं वय. कर्ज बसणार नाही. पतसंस्थेत गेलो. ते म्हणाले, देऊ की, दोन जामीन आणा. एक जामीन मी झाले, तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. दुसरा जामीन म्हणजे दादा. दादांनी पेपर खाली ठेवला. "पुराच्या पाण्यातल्या घराला मी जामीन ऱ्हाऊ? डोस्कं फिरलंय का तुझं इंदे?" झालं. आत्यानं पुन्हा विचारलं नाही. ती सकाळी भाकऱ्या थापायची, दुपारी उंबऱ्यात बसून मोकळ्या मनगटांकडं बघायची. भिशीचा नंबर लागला, तेही पैसे आले, तरी मोठा खड्डा उरलाच होता. फाल्गुन संपत आला. पाटल्या गेल्याच म्हणून मी मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

आणि तेव्हा दस्तगीरभाई आला. गाद्या भरणारा माणूस, अंगाखांद्यावर कायम कापसाचे पुंजके. बावड्यात भाड्यानं घर शोधत होता, कुणीतरी त्याला आत्याचा पत्ता दिला. दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, घर हाय म्हनं?" आत्या म्हणाली, "घर हाय, पर अजून माझं झाल्यालं न्हाय." असं उत्तर त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलं नसणार. बसला. पाणी प्याला. मग त्यानं सांगितलं की गावाकडच्या जमिनीतला त्याचा हिस्सा विकून थोडी रक्कम हातात आलीय, स्वतःचं घर घेण्याएवढी नाही, आणि महिन्याच्या महिन्याला भाडं भरणं त्याला झेपत नाही. "आमच्या पावण्यांत, निपाणीकडं, एक रीत हाय," तो म्हणाला. भाडेकरूनं मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, आणि राहायचं. घर सोडताना मालकानं ती जशीच्या तशी परत करायची. आत्याचे डोळे असे चमकले! खड्डा जेवढा होता जवळजवळ तेवढीच त्याची रक्कम होती. खरेदीपत्र झालं त्याच दिवशी संध्याकाळी तिनं किल्ली आपल्या हातात घेतली, मुठीत थोडा वेळ दाबून धरली, आणि दस्तगीरभाईच्या हातात ठेवली. ज्या घरात राहायचं त्या घराचे पैसे भाडेकरूनंच आधी भरले, असा व्यवहार मी तरी दुसरा बघितला नाही.

पुढची एक तारीख आली. आत्यानं सकाळी लवकर भाकऱ्या उरकल्या, ठेवणीतली जांभळी साडी नेसली, केसांना तेल लावलं आणि मला म्हणाली, "चल, भाडं आणू." मला सुट्टी होती, मी गेले. हसीनाभाभी, दस्तगीरभाईची बायको, तेव्हा नवीन नवीन होती, लाजरी. तिनं खुर्ची टाकली, चहा दिला, पाणी दिलं. आत्या बसून राहिली. भाभी उभी राहिली. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मळीच्या वासाच्या झाल्या. शेवटी आत्यानं घसा साफ केला आणि विचारलं, "मग... भाडं देताय न्हवं?" भाभी गोंधळली. दाराकडं बघत हळूच म्हणाली, "आत्या, भाडं कुठलं ओ? रक्कम दिलीया की आमी. रक्कम दिली की भाडं न्हाय, असंच असतंय की ते."

आत्याला वाटलं होतं की रक्कम ती रक्कम आणि भाडं ते वेगळं! रीत ऐकताना खड्डा भरतोय या आनंदात तिच्या कानांनी पुढचं घेतलंच नव्हतं, आणि आम्ही सगळी शहाणी माणसं, आम्हीही धरून चाललो होतो की तिला ठाऊक आहे. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. ज्या एका गोष्टीसाठी हिनं पाटल्या मोडल्या तीच हातातून गेली. आता ही रडणार, नाहीतर भांडणार... पण आत्या उठली, साडी झटकली, वर बघितलं आणि म्हणाली, "व्हय की! ते ठावं हाय मला. मी शेंगा न्यायला आलते." भाभीनं काठी आणली, दोघींनी मिळून शेंगा पाडल्या, पेपरात गुंडाळल्या. वाटेत रिक्षात तिनं भारा मांडीवर घेतला होता. घरात शिरली आणि दादा काही विचारायच्या आत शेंगांचा भारा कट्ट्यावर ठेवून मोठ्यांदा म्हणाली, "भाडं आणलंय."

दादांनी तिची लई दिवस फिरकी घेतली. "भाड्यासाठी घर घेतलं आणि भाडंच न्हाय, वा गं सावकारीण!" पण आत्या दर एक तारखेला जात राहिली. ऊन असो, पाऊस असो, जांभळी साडी आणि रिकामी पिशवी. शेंगा नसतील तेव्हा पाला आणायची, फुलं आणायची, आणि झाड अगदीच मोकळं असेल तर भाभी डब्यातून शिरखुर्मा नाहीतर मटणाचा रस्सा द्यायची. आमच्या घरात शेवग्याच्या आमटीला 'भाड्याची आमटी' असंच नाव पडलं. पुढं माझ्या पोरानं शाळेत बाईंना सांगितलं की आज डब्यात भाडं आणलंय, तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

दस्तगीरभाईनं त्या खुर्चीसाठी एक छोटी गादी भरून दिली, निळ्या फुलांची. त्यावर बसून आत्या चहा प्यायची आणि मग तिची तंद्री लागायची. मी बरोबर असले की उंबऱ्यावर बसायचे. नदीवरनं गार वारा, कारखान्याच्या चिमणीचा धूर संथपणे एका बाजूला कललेला, आतून भाभीच्या भांड्यांचा आवाज... त्या अंगणात वेळ कसा जायचा कळायचं नाही. अशा वेळी ती अर्धवट झोपेत बोलायची. विषय एकच, भाडं सुरू झालं की पहिल्या भाड्याचं काय करायचं. कधी चांदीचा तांब्या, कधी नृसिंहवाडीला दोन दिवस राहून येणं. एकदा वरनं विमान गेलं, तर डोळे न उघडताच म्हणाली, "पयल्या भाड्यात इमानात बसायचं. वरनं माझं घर बघायचं. पत्रा वळखू येईल न्हवं गं?" मी म्हणाले, "शेवगा ओळखू येईल." तिला ते पटलं. "व्हय, शेवगा येईल," म्हणाली आणि परत झोपली.

मग पूर आला. दस्तगीरभाईचं बिऱ्हाड गाद्यांसकट आमच्या घरी आलं, आत्याच्या खोलीत भाभी आणि पोरी, सोप्यात आम्ही सगळे. पाणी उतरल्यावर आत्या बावड्याला गेली. भिंतीवरची रेघ जुन्या रेघेच्या वर गेली होती, पण भिंती उभ्या होत्या. शेवगा मात्र मुळासकट आडवा. घराचं एवढं झालं तरी न रडलेली बाई त्या झाडापाशी चिखलात बसून हुंदके देऊन रडली. "माझं भाडं गेलं गं..." भाभीनं तिला उठवलं, कोयत्यानं एक जाड फांदी तोडली आणि दोघींनी ती तिथंच चिखलात रोवली. शेवगा जगायला काही लागत नाही. वर्ष-दीड वर्षात त्याला शेंगा लागल्या.

काही वर्षांनी दस्तगीरभाई एका संध्याकाळी मान खाली घालून आला. गाद्यांच्या दुकानासाठी एक गाळा मिळत होता, सोडवत नव्हता. म्हणाला, "आत्या, घर सोडतो, माझी रक्कम तेवढी..." आत्या म्हणाली, "घर कशापायी सोडताय? रक्कम घ्या, आणि भाड्यानं ऱ्हावा की." म्हणायला सोपं. एवढी रक्कम आणायची कुठून? तिनं वर्षानुवर्षं भिशीतून बाजूला टाकलेलं काढलं. भिशीतल्या बायकांनी चिठ्ठ्याच टाकल्या नाहीत, इंदूबाईचं घर सुटतंय म्हणून तो महिना सरळ तिला दिला. तरी उरलंच. शेवटी पुन्हा तीच पतसंस्था, तेच दोन जामीन. या वेळी दादांनी पेपर खाली ठेवला, चष्मा शोधला, आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. "पुराचं घर हाय," एवढं पुटपुटले. आत्या म्हणाली, "दोनदा बुडालंय, तरी हाय न्हवं जाग्यावर?" कर्जाचा हप्ता तिनं भाकरीतून फेडला. मी सुचवून बघितलं होतं की आता भाडं येईल त्यातून हप्ता जाऊ दे, एवढं राबू नकोस. माझ्यावरच खेकसली, "हप्ता भाकरीचा. भाडं माझं!"

ती एक तारीख मी विसरणार नाही. भाभीनं पाकीट आणून दिलं, दोन्ही हातांनी. आत्यानं ते उघडून बघितलंसुद्धा नाही, पोलक्यात खोचलं, त्यावर एकदा हात ठेवला. चहा प्याली. आज तंद्रीबिंद्री काही नाही, डोळे टक्क उघडे. मग उठली, "येते" म्हणाली, फाटकापर्यंत गेली आणि थबकली. वळून भाभीकडं बघितलं. चेहऱ्यावर असा राग, की मला वाटलं पाकिटात काही कमी आहे की काय.

"आणि शेंगा?"

भाभी बघतच राहिली. "आत्या, आता भाडं दिलंय की..."

"भाडं सुरू झालं म्हणून शेंगा बंद व्हय गं? हे बरं हाय तुमचं!"

भाभी पदर तोंडाला लावून हसत काठी आणायला पळाली. घरी आल्यावर आत्यानं शेंगा कट्ट्यावर ठेवल्या आणि नेहमीसारखं "भाडं आणलंय" म्हणाली. पाकिटाचा उल्लेख नाही. रात्री दादांनी विचारायला तोंड उघडलं, "इंदे, कश..." आणि तिथंच थांबले. पाण्याचा तांब्या उचलून पाणी प्याले. आत्या खाली मान घालून हसत होती. तिचं ते हसू बघून माझं मन निवलं.

त्या पैशांचं तिनं काय केलं, मला माहीत नाही. विमानात ती बसली नाही एवढं नक्की. चांदीचा तांब्याही आमच्या घरात नाही. तिच्यामागं माझ्या मुलीनं विचारलं, "मम्मी, आत्याआजी भाड्याचं काय करायची गं?" तर दादाच तिला म्हणाले, "ते इचारायचं नसतंय."

परवाची एक तारीख आली तेव्हा मी रजा टाकली. जांभळी साडी नेसायचं धाडस झालं नाही, पण पिशवी तिचीच घेतली. बावड्यात हंगाम सुरू झालाय, कोपऱ्यावर वळल्या वळल्या तो गोड जड वास आला आणि मला क्षणभर वाटलं की ती माझ्या पुढं चालतीया, चपला फरफटत... खुर्ची अंगणात काढलेली होती, निळ्या फुलांची गादी झटकून घातलेली. मी उंबऱ्यावर बसायला गेले तर भाभीनं दंडाला धरलं, "तिथं न्हाय ताई. हितं बसा." बसले. चहा आला. वारा सुटला होता, धूर एका बाजूला कलला होता, झाड भरून शेंगा लागल्या होत्या. माझीही तंद्री लागली. किती वेळ कोण जाणे. डोळे उघडले तर भाभी समोर पाकीट घेऊन उभी होती, दोन्ही हातांनी धरलेलं. मी ते घेतलं, पर्समध्ये ठेवलं. "येते भाभी," म्हणाले. तिनं मान हलवली. जागची हलली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, कशाची तरी वाट बघितल्यासारखी. मी फाटकापर्यंत गेले. तिथं पाय अडला. पाठीमागं वळले तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, चक्क आत्याचा होता.

"आणि शेंगा?"

भाभीचे डोळे भरून वाहायला लागले. दाराआड हात घालून तिनं भारा बाहेर काढला. पेपरात गुंडाळून कधीचा तयार ठेवला होता.